गॅझेटनं उघडलेलं दार

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"साताऱ्यात आमची मोटारींची दोन शोरूम आहेत. वडिलांनी १९८६ मध्ये ट्रॅक्टरच्या एजन्सीपासून सुरुवात केली. २००९ पासून कारभार मी बघतो. आता इथं वाढ दिसत नाही. शेजारच्याच तालुक्यात कंपनीनं दुसरा डीलर बसवला. माझे मेहुणे कोलंबोत हॉटेल चालवतात. श्रीलंकेनं गाड्यांची आयात पुन्हा खुली केल्यापासून ते माझ्या मागे लागलेत. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ परमिटचं सगळं बघतो म्हणतात, त्या बदल्यात त्यांना नव्या कंपनीत ३० टक्के हिस्सा हवा. पहिली खेप चाळीस गाड्यांची, मग इथिओपिया, असा बेत आहे. भांडवलासाठी कराडजवळची जमीन तारण ठेवावी लागेल. वडील म्हणतात, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. जावं की न जावं?"

– एक डीलर, सातारा

स. न. वि. वि.

म्हण चपखल आहे, फक्त इथं व्याह्याच्या जागी मेहुणे आहेत आणि घोड्याच्या जागी चाळीस गाड्या. तरी मी तुम्हाला सरसकट 'जाऊ नका' म्हणणार नाही. वाहनांच्या निर्यातीच्या कागदपत्रांत मी सव्वीस वर्षं काढली. बाहेर जाऊन भलं झालेली माणसं पाहिलीत, जमीन घालवून परत आलेलीही पाहिलीत. दोघांत हुशारीचा फरक फारसा नव्हता. फरक होता तो आधी काय विकायला नेलं याचा.

पण त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या चार पानी पत्रात कुठंच नाही. या चाळीस गाड्या तुम्ही आणणार कुठून?

तुमच्याच शोरूममधून, असं मनात असेल तर कपाटातला डीलरशिपचा करार काढा आणि 'क्षेत्र' या शब्दाखाली काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला ठरावीक तालुके दिलेले असतील. निर्यात हा कंपनीचा वेगळा विभाग असतो आणि तो आपल्या हद्दीत डीलरला पाऊल ठेवू देत नाही. साताऱ्याच्या बिलावर उचललेली गाडी कोलंबोत दिसली, तर तिथली वॉरंटी तर मिळणार नाहीच, इथल्या एजन्सीलाही धक्का लागेल. शिवाय श्रीलंकेत भारतीय कंपन्यांची माणसं फार वर्षांपासून बसलेली आहेत. टाटांच्या गाड्या डिमो विकते, मारुती सुझुकीच्या असोसिएटेड मोटरवेज, महिंद्राच्या आयडियल मोटर्स. आकुर्डीच्या बजाजची तीनचाकी त्या बेटाच्या गल्लीबोळात पोचवली ती डेव्हिड पीरिस या कंपनीनं. तुम्हाला जी बाजारपेठ नवी वाटते, ती या मंडळींसाठी पाच वर्षांनी पुन्हा उघडलेलं जुनंच दुकान आहे. त्यांच्या शटरला गंज चढला होता, पण किल्ली त्यांच्याच खिशात होती.

दुसरं असं की डीलर आणि वितरक हे एकाच धंद्याचे लहान-मोठे आकार नाहीत. डीलर म्हणून तुम्ही कंपनीच्या छत्रीखाली उभे असता. किंमत कंपनी ठरवते, जाहिरात कंपनी करते, स्कीम वरून येते, स्टॉकसाठी बँक इन्व्हेंटरी फंडिंग देते, आणि गिअरबॉक्स बिघडला तर क्लेम टाकून तुम्ही मोकळे. परदेशात वितरक झालात की तीच छत्री तुम्हाला दुसऱ्याच्या डोक्यावर धरायची असते. गाडीला तिथल्या नियमांची मान्यता तुम्ही घ्यायची, एलसी, म्हणजे बँकेचं पैशाची हमी देणारं पत्र, तुम्ही उघडायची, चलन घसरलं तर झळ तुम्ही सोसायची, सुट्या भागांचं कोठार तुम्ही भरायचं, वर स्वतःचे डीलर नेमून त्यांच्या शिव्या तुम्ही खायच्या. आज महिन्याच्या एकतीस तारखेला एरिया मॅनेजरला जे ऐकवता ना, ते उद्या तुम्हाला कुणीतरी सिंहलीत ऐकवेल.

आता पैशाचं. तुमच्या हिशेबात मोठं भोक आहे. चाळीस गाड्या गुणिले आठ लाख म्हणजे ३ कोटी २० लाख, इतकं भांडवल तुम्ही धरलंय. समजा, गाडी कोलंबो बंदरात भाडं आणि विमा धरून खरोखरच आठ लाखांना पडली. त्यावर आयात शुल्क, त्या शुल्कावर अधिभार, मग इंजिनच्या सीसीनुसार एक्साइज, आणि या सगळ्याच्या डोक्यावर १८ टक्के व्हॅट. एकूण कर गाडीच्या किमतीच्या दीडपट धरला, आणि तिथं हे मुळीच अतिशयोक्त नाही, तर गाडी बंदराच्या फाटकातून बाहेर काढताना तिच्यात २० लाख अडकलेले असतील. चाळीस गाड्यांचे ८ कोटी. बहुतेक पैसा गाडीत नाही, करात. गाडी विकली नाही तर ती निदान परत न्यायचा विचार तरी करता येतो. भरलेला कर परत कोण देतं?

शिवाय घड्याळ लावलेलं आहे. २०२५ च्या नियमांत विक्रीसाठी आणलेली गाडी ९० दिवसांत नोंदली गेली नाही तर दंडाची तरतूद घातली गेली. साठेबाजी होऊ नये, डॉलर गाड्यांत अडकून पडू नयेत, हा हेतू. तिथले मुरलेले व्यापारी आधी गिऱ्हाईक पक्कं करतात आणि पुष्कळदा एलसी गिऱ्हाइकाच्याच नावानं उघडतात. तुमच्याकडे चाळीस गिऱ्हाईकं आहेत का? पत्रात एकही दिसलं नाही.

हे दार उघडलं कसं, तेही जरा बघा. मार्च २०२० मध्ये परकीय चलन वाचवायला श्रीलंकेनं वाहनांची आयात थांबवली. एप्रिल २०२२ मध्ये देशानं परदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला डॉलरला २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास असलेला भाव मेपर्यंत ३६० च्या घरात गेला. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची सुमारे ३०० कोटी डॉलरची मदत मंजूर झाली आणि हळूहळू श्वास आला. मग टप्प्याटप्प्यानं, आधी प्रवासी वाहतुकीची वाहनं आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून खासगी गाड्या, अशी आयात खुली झाली. सगळं गॅझेटच्या, म्हणजे सरकारी राजपत्राच्या, एका-एका कागदावर. जे गॅझेटनं उघडतं ते गॅझेटनंच बंद होतं, आणि बंद करताना तुमचं जहाज कुठवर आलंय असं कुणी विचारत नाही.

मी हे पाहिलंय. देशाचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. आमच्याकडून एका नव्यानं खुल्या झालेल्या देशात साठेक गाड्या गेल्या. जहाज वाटेत असताना तिथं गाडीच्या वयाची व्याख्या बदलली. वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजायचं की जहाजावर चढवल्याच्या तारखेपासून, एवढाच प्रश्न. माझ्या हातच्या कागदांवर दुसरी तारीख होती, त्यांना पहिली हवी होती. अकरा महिने गाड्या बंदराच्या यार्डात उभ्या राहिल्या. शेवटी त्या सोडवायला माणूस गेला, त्यानं फोटो पाठवले: टायर एका बाजूला चपटे झालेले, बॅटऱ्या मेलेल्या, उंदरांनी बॉनेटखाली घरटी करून वायरिंगचं वेष्टण खाल्लेलं. एका गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक मात्र जसंच्या तसं होतं. ते प्लॅस्टिक मला अजून आठवतं. तिथला वितरक भला माणूस होता. तो परत कधी उभा राहिला नाही.

असं आपल्यासारख्या छोट्यांचंच होतं असं समजू नका. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये मॅकिनॉन मॅकेन्झीची जुनी दगडी इमारत आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बघा. १८४७ मध्ये कलकत्त्यात निघालेल्या त्या पेढीशी नातं सांगणारी इंचकेप ही आज जगातल्या मोठ्या वाहन-वितरकांपैकी एक आहे. रशिया खुला झाल्यावर तिनं तिथं शोरूम थाटली, वर्षानुवर्षं चांगली चालवली. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि काही महिन्यांत तो धंदा तिथल्याच व्यवस्थापकांच्या हाती विकून तिला निघावं लागलं. त्याच सुमारास रेनॉनं रशियातल्या अव्हतोवाझ या मोटार कंपनीतला आपला मोठा हिस्सा एका रुबलला सोडला. एक रुबल! त्यांच्यामागं इतर देशांतला धंदा होता म्हणून ते टिकले. तुमच्यामागं कराडची जमीन आहे.

आणि म्यानमार. २०१३ साली मी यांगूनला आठ दिवस होते. २०११ च्या शरदात सरकारनं जुनाट गाड्या जमा करा आणि नवीन आयातीचं परमिट घ्या अशी योजना काढली होती, आणि शहरात जपानमधून आलेल्या वापरलेल्या गाड्यांचा पूर आला होता. गंमत अशी की तिथं १९७० पासून वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आणि जपानी गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे ड्रायव्हर फुटपाथला चिकटून. पुढचं वाहन ओलांडायचं तर त्याला समोरचं दिसतच नाही. मी बसलेल्या बसमध्ये एक पोरगा डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ओरडत होता, त्याच्या ओरडण्यावर ड्रायव्हर गाडी बाहेर काढत होता. सगळा देश अशा एका पोराच्या डोळ्यांवर चाललेला. पुढं उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांची आयात बंद झाली, ज्यांनी तोच माल भरून ठेवला होता ते बसले हात चोळत. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि त्याच वर्षी डॉलरच्या टंचाईत गाड्यांची आयातच थांबली. दहा वर्षांत दार उघडलं, अर्धं लागलं, पूर्ण लागलं.

पण त्या आठ दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. नव्या शोरूमच्या काचा चमकत होत्या आणि आत माशा. गर्दी होती ती मागच्या गल्लीत, जिथं एक माणूस पत्र्याच्या छपराखाली क्लच प्लेट, फॅन बेल्ट आणि ब्रेक शू विकत होता. गाड्या येवोत न येवोत, आलेल्या गाड्या झिजणारच होत्या.

श्रीलंकेतही बंदीच्या पाच वर्षांत हेच दिसलं. नवी गाडी मिळेना, म्हणून जुनीला सोन्याचा भाव आला. लोकांनी दहा वर्षांची वॅगन आर आणि अल्टो जिवापाड सांभाळली. इंजिन काम करून घेतलं, सस्पेन्शन बदललं, रंग मारला. वितरकांच्या शोरूममध्ये दिवे मालवले होते तेव्हा घर चाललं ते वर्कशॉपवर. नव्या रिक्षा येत नव्हत्या, पण रस्त्यावरची बजाज उद्याही धावायची असेल तर तिला केबल लागते, क्लच प्लेट लागते.

म्हणून माझं म्हणणं असं. श्रीलंकेत जा, पण पुढच्या दारानं नको. गाड्या नेऊ नका, गाडीला लागणाऱ्या वस्तू न्या, आणि जमलं तर गाडी दुरुस्त करणारे हात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सुट्या भागांचे इतके कारखानदार आहेत की तुम्हाला कंपनीच्या निर्यात विभागाची परवानगी लागणार नाही. खुल्या बाजारात विकला जाणारा, कंपनीच्या शिक्क्याविना पण चांगल्या प्रतीचा माल मिळतो. तुम्ही सतरा वर्षं वर्कशॉप चालवताय. कुठल्या मॉडेलचं काय किती किलोमीटरला जातं, हे तुमच्या जॉब कार्डांत लिहिलेलं आहे. तीच गाडी तिथंही धावते. हे ज्ञान मेहुण्यांच्या ओळखीच्या गृहस्थांकडे नाही.

त्या गृहस्थांबद्दल दोन वाक्यं, जास्त नाही. आयात खुली झाली असेल तर परमिट कसलं? श्रीलंकेत सरकारी अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना सवलतीच्या आयातीची परमिटं मिळायची आणि ती पुढं विकली जायची, हा जुना, बदनाम धंदा आहे. त्यातलंच काही निघालं तर त्यांचे ३० टक्के राहतील आणि चौकशी तुमच्या १०० टक्क्यांची होईल.

कस्टम्सला हलकं घेऊ नका, मग माल चिनी असो की आपला. २०२५ मध्येच एका चिनी कंपनीच्या शेकडो विजेच्या गाड्या कोलंबोत अडकल्या. मोटारीची क्षमता कागदावर लिहिलीय तेवढी आहे की जास्त, यावरून वाद. कारण एक्साइज किलोवॉटवर आकारला जातो. प्रकरण कोर्टात गेलं, गाड्या बँक हमीवर सुटल्या. तो वितरक बडा समूह होता, हमी देऊ शकला.

इथिओपियाचं स्वप्न तूर्तास घडी करून ठेवा. २०२४ च्या सुरुवातीला त्या देशानं पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची आयातच बंद केली, म्हणजे तुम्ही आज जे विकता त्यातलं फारसं काही चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांनी आपलं चलन, बिर्र, बाजारभावावर सोडलं, ५७ च्या आसपासचा डॉलर काही आठवड्यांत शंभरीपार. शिवाय गाड्या उजव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग डावीकडे लागतं. धरणांमुळे वीज स्वस्त आहे, म्हणून विजेच्या गाड्यांना तिथं भविष्य आहे हे खरं, पण ती लढाई चिनी कंपन्या लढतायत आणि त्यात साताऱ्याच्या माणसाला आज जागा नाही.

जमिनीचं. नको. हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ हुकूम म्हणून लिहितेय. परदेशी कंपनीत गुंतवणुकीसाठी २०२२ चे नियम भारतीय कंपनीला नक्त मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत मुभा देतात, त्यात दिलेल्या हमीही मोजल्या जातात. पण मुभा म्हणजे आग्रह नव्हे. सुट्या भागांचा धंदा तुमच्या चालू नफ्यातल्या दोन कंटेनरांवर सुरू होतो. मालाचे पैसे बुडू नयेत म्हणून ईसीजीसी या निर्यातदारांसाठीच्या सरकारी विमा कंपनीचा विमा घ्या. गिऱ्हाईक बुडालं तर बरेचसे पैसे मिळतात, आयातबंदी आली किंवा तिथल्या सरकारनं पैसे बाहेर जाऊ दिले नाहीत तरी पॉलिसीत ती जोखीम धरलेली असते. हप्ता महाग वाटला तर समजा, की त्यांना देश आपल्यापेक्षा जास्त कळलाय. आणि तुमच्या मालाचे एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधले वर्गवारीचे क्रमांक, चांगल्या सीएचएकडून (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाकडून) आधी तपासून घ्या. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २००० पासून आहे, पण सवलत कोडनिहाय असते, आपल्या समजुतीनिहाय नसते.

पुढं दोन-तीन वर्षांनी तिथल्या एखाद्या वितरकानं तुम्हाला भागीदारीत बोलावलं, तर करारात एक कलम मागाच: आयात बंद झाली तर किमान विक्रीचं उद्दिष्ट त्या काळापुरतं गोठलं पाहिजे, आणि करार मोडला तर पडलेला माल कोण परत घेणार हे आकड्यासह लिहिलं पाहिजे. बाकीचं वकील बघेल.

आत्ता एवढंच करा. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे. दहा दिवस जा. मेहुण्यांच्या हॉटेलात उतरू नका, नाहीतर सगळे दिवस जेवणावळीत जातील आणि ते गृहस्थ संध्याकाळी हजर. पंचिकावत्ता भागात राहा. तिथं गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं रस्ताभर आहेत. तुमच्या वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त खपणाऱ्या पंचवीस वस्तू कागदावर लिहून न्या आणि दुकानादुकानांत भाव विचारा. भावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, माल आज आहे की 'परवा या' म्हणतात, ते लिहा. 'परवा या' जिथं जास्त येईल तो तुमचा पहिला कंटेनर.

आणि वडिलांना बरोबर न्या. ट्रॅक्टरच्या काळात त्यांनी काउंटरवर बसून पार्ट विकलेत. कुठल्या दुकानदाराकडे उधारी थकते आणि कुठला रोखीचा, हे त्यांना भाषा न येता कळेल. परत आल्यावर त्यांनी काय पाहिलं तेवढं मला कळवा, तुमच्या चाळीस गाड्यांबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.